पऱ्हाटीची राख

एक

गुणवंतरावांनी तांब्याच्या लोट्यावरचं पांढरं फडकं सोडलं, लोटा तिरपा करून मूठभर राख तळहातावर घेतली, आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

पायाखाली काळे खडक होते आणि त्यांच्या फटींतून समुद्राचं पाणी आत-बाहेर करत होतं. वर टेकडीच्या टोकाला दीपगृह उभं होतं. इंग्रजांच्या काळातलं, दगडी, चुन्यानं पांढरंफेक केलेलं. या दीपगृहासाठी ही मंडळी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावाहून शेजारच्या जफरच्या जीपमधून अख्खा महाराष्ट्र आडवा कापत आली होती. गुणवंतराव, त्यांचा मुलगा सलील, मुलगी मिताली, विधवा सून भैरवी, मेहुणे मधुसूदन आणि स्वतः जफर. गुणवंतरावांची बायको रत्नप्रभाही आली होती. ती लोट्यात होती.

"मधुभाऊ, इकडे या जरा," गुणवंतराव म्हणाले.

मधुसूदन म्हणजे रत्नप्रभाचे थोरले भाऊ. यवतमाळच्या वाचनालयात उभा जन्म काढलेला माणूस. रहस्यकथांचं अख्खं कपाट त्यांनी दोनदोनदा वाचून काढलं होतं. पण दूध पातळ का, हे दूधवाल्याला विचारायची त्यांची कधी छाती झाली नव्हती. ते खडकांवरून जपत जपत जवळ गेले आणि चष्मा सारखा करून वाकले.

राख मऊ होती, पिठासारखी. चितेच्या राखेत हाडांचे तुकडे असतात, ज्यांना आपण फुलं म्हणतो. इथं एकही फूल नव्हतं. होतं ते अर्धवट जळलेलं, पाकळ्या फाकलेलं एक काळं टरफल. कापसाच्या बोंडाचं.

गुणवंतरावांनी ते बोटांत धरलं. सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते ते. कापसाचा धागा ओढून त्याची प्रत सांगण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"ही चितेची राख नाही," ते म्हणाले. "पऱ्हाटीची हाय. कापसाच्या वाळक्या काड्यायची, चुलीतली."

एक लाट आली, खडकावर फुटली आणि सगळ्यांच्या पायांवरून गेली. गुणवंतरावांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसासारखे ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

"मंग माही बायको कुठं हाय?"

दोन

रत्नप्रभा राळेगावच्या शाळेत भूगोल शिकवायची. समुद्र न पाहिलेल्या पोरांना, स्वतःही न पाहिलेला समुद्र. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका दीपगृहाचं चित्र होतं, जुन्या कॅलेंडरचं, कडा तेलकट झालेलं. "एकदा जाऊन येऊ," ती म्हणायची. "हंगाम उलगला की जाऊ," गुणवंतराव म्हणायचे. पण कापसाची पडती वर्षं सुरू झाली. भाव कोसळले, खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा सडकेपर्यंत जाऊ लागल्या, आणि हंगाम काही संपेना. या फाल्गुनात रत्नप्रभाच गेली. तेरवी झाली त्या संध्याकाळी गुणवंतराव एवढंच बोलले, "अस्थी समुद्रात सोडायच्या. दीपगृहापाशी." त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही.

अस्थी घरात आणत नाहीत. म्हणून लोटा एका खादीच्या झोळीत घालून अंगणातल्या कडुनिंबाला टांगला होता. प्रवासात जफरनं जीपच्या टपाखाली एक आकडा ठोकून दिला, आणि झोळी तिथं झुलत आली. वाटेत जिथं गाडी थांबे तिथं झोळीला हात जोडले जात. ती उघडायचं काही कारणच नव्हतं.

आता सगळे दीपगृहाच्या आवारातल्या सुरूंच्या सावलीत येऊन बसले होते. दीपगृह बघायला दुपारनंतर सोडतात, असं तिथल्या रखवालदारानं सांगितलं होतं.

"लोटा कोणाच्या गाडीले टांगून होता?" सलील अचानक म्हणाला. नागपूरला बँकेत असलेल्या या पोराचा आवाज नेहमीच थोडा चढा असे. "इतक्या मुक्कामात गाडीत कोण झोपत होतं? जफरभाई, मी तुमच्याशी बोलून राह्यलो."

जफर बोनेटला टेकून उभा होता. त्यानं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि मान खाली घातली.

"बोला ना! तांब्याचा लोटा जशाचा तसा हाय, मंग आतलं कुठं गेलं? कुठं सांडलं तर सांगून द्या!"

"सलीलदादा, माह्याकडून काही सांडलं नाही," जफर हळूच म्हणाला.

"ठीक हाय. दीपगृह उघडेस्तोवर कोणी खरं सांगितलं नाही, तर मी गावातल्या चौकीत जातो. मंग तिथंच बोला."

मिताली रडू लागली. भैरवी दूर समुद्राकडे तोंड करून बसली होती, तिनं वळूनही पाहिलं नाही.

मधुसूदन चुळबुळले. बोलावं की न बोलावं? पुस्तकातला शोधक अशा वेळी उठून उभा राहतो. ते बसूनच, चष्मा काढून पुसत म्हणाले, "सलील, माझं चुकत असेल कदाचित. पण वाटेत सांडली असती, तर भरणाऱ्यानं हाताशी असेल ती राख भरली असती. इथं लोक नारळाच्या सोडणांवर पाणी तापवतात. घाटाखाली आपण उतरलो तिथं उसाची चिपाडं जळत होती. पऱ्हाटी कुठं जळते?"

सलीलनं लोट्याकडे पाहिलं.

"आपल्याकडे," त्यांनीच उत्तर दिलं. "आपल्या अंगणातल्या चुलीत. ही राख आपल्याबरोबर राळेगावाहून निघाली आहे. रत्ना जीपमध्ये चढलीच नाही."

तीन

ते एकेकाशी बोलले. बोलले म्हणजे शेजारी जाऊन बसले, आणि समोरचा कंटाळून बोलेपर्यंत बसून राहिले. त्यांना दुसरी रीत येत नव्हती.

सलील आधी फणकारला. "माह्यावर डाऊट घेऊन राह्यले का मामा? मी तर पहिल्याच दिवशी म्हणत होतो, कायले एवढा मोठा प्रवास? आपली वर्धा नदी हाय घराजवळ, तिथं सोडा. तुम्ही होते ना तेव्हा?"

होते. वर्धेचं नाव निघताच गुणवंतरावांनी ताट सरकवून दिलं होतं आणि न जेवता उठून गेले होते. का, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी बोललं नव्हतं.

"बाबांसमोर मी पुन्हा तोंड उघडलं नाही," सलील म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "मामा, आईले अग्नी मी देल्ला. फुलं मी वेचली, माह्या हातानं. आता बाबा विचारतात कुठं हाय, तर मी काय सांगू?"

मधुसूदनांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. अशा गोष्टी त्यांना धड जमत नसत.

मिताली बोरी अरब गावात दिलेली. ती नाक पुसत म्हणाली, "मी तर झोळीले हातही लावला नाही मामा. फुलं वेचून आणली त्या दिवशी लोट्यावर फडकं बांधलं दादानं, आणि त्यावर कुंकवाची बोटं ओढली मी. आई सवाष्ण गेली ना. तेवढंच तिचं माह्या हातून झालं."

"फडक्यावर ओढलीस? लोट्यावर नाही?"

"फडक्यावर. चांगली ओली बोटं, पाचही. कपड्यात मुरली होती. काहून?"

सकाळी खडकावर पडलेलं फडकं मधुसूदनांनी उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं होतं, का ते त्यांनाही कळलं नव्हतं. आता ते त्यांनी काढलं आणि गुडघ्यावर पसरलं. उलटं केलं, सुलटं केलं.

पांढरं स्वच्छ होतं. कुंकवाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

मितालीनं तोंडावर हात ठेवला. "हे आपलं फडकं नाही, मामा!"

चार

जफरच्या शेजारी ते जीपच्या पायरीवर बसले. जफर राळेगावातला मिस्त्री. त्याचं गॅरेज आणि गुणवंतरावांचं घर यांत एक भिंत. थोडा वेळ दोघंही समोरचा समुद्र बघत राहिले.

"केवढं पाणी हाय मामाजी," जफर म्हणाला. "आन् पिता येत नाही."

"जफर, एक विचारू? रागावू नको."

"तुमच्यावर कोण रागवंल?"

"कारंज्याच्या अलीकडे आपलं चाक बसलं. स्टेपनी काढलीस तर तीही बसलेली. सलील तुला हसला होता."

"हो. मिस्त्रीच्या गाडीची स्टेपनी पंक्चर, म्हणे. फटफजिती झाली माही."

"तुझ्या गाडीत जादा फॅनबेल्ट आहे, पाना आहे, पाण्याचा कॅन आहे. निघायच्या आधी तू वायपरसुद्धा नवा घातलास. असा माणूस बसलेल्या चाकानिशी एवढ्या प्रवासाला निघणार नाही. निघालाच, तर एकाच कारणानं. चाक अगदी ऐनवेळी, निघायच्या आदल्या संध्याकाळी बसलं, आणि पंक्चर काढायला वेळच राहिला नाही."

जफरनं पायरीवरची वाळू झटकली.

"पंक्चरच्या दुकानदारानं त्या स्टेपनीतून काटा काढला तो मी पाहिला होता. बाभळीचा, बोटाएवढा. डांबरी सडकेवर बाभूळ नसते, जफर. ती नदीकाठच्या वाटेवर असते. आदल्या दिवशी मी, गुणवंतराव आणि पोरं मृत्यूच्या दाखल्यासाठी यवतमाळला गेलो होतो. घरी एकटी भैरवी होती. तू सांगितलं होतंस की दिवसभर गाडीचं इंजिन खोलून बसलो होतो."

जफरनं खांद्यावरचं फडकं तोंडाला लावलं. मोठा, दांडगा माणूस, आणि त्याचे खांदे लहान पोरासारखे हलू लागले.

"सलील चौकीत जाईल," मधुसूदन म्हणाले. "परक्या मुलुखात तुला उभं करतील. तू सांगत का नाहीस?"

"जबान देल्ली हाय, मामाजी. मले धरून नेलं तरी मी बोलणार नाही." मग, समुद्राकडे बघत, फार हळू आवाजात तो म्हणाला, "क्षितिज माह्या बाजूले बसत होता, शाळेत. पहिलीपासून."

क्षितिज. दोन वर्षांनी हे नाव कुणीतरी उघड्यावर घेतलं होतं.

गुणवंतरावांचा थोरला मुलगा, भैरवीचा नवरा. त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. एका वर्षी त्यानं विकलेल्या बियाण्याची झाडं वाढली, पण बोंडं पोसलीच नाहीत. त्यानं ते बी तयार केलं नव्हतं, फक्त विकलं होतं. पण लोक कंपनीच्या दारात जाऊ शकत नव्हते, त्याच्या दारात येत होते. कुणी शिव्या देत नव्हतं. नुसते येऊन बाकावर बसत आणि वाळकी बोंडं काउंटरवर ठेवून निघून जात. एका सकाळी क्षितिजनं दुकानाचं शटर आतून लावून घेतलं, आणि मग ते बाहेरच्यांनाच तोडावं लागलं.

त्याच्या अस्थी वर्धेत सोडल्या. त्या दिवसापासून गुणवंतरावांनी त्याचं नाव घेतलं नाही, कुणाला घेऊ दिलं नाही. फोटो उतरवला. लोकांना वाटलं, बाप रागावला. मधुसूदनांना तसं वाटत नव्हतं. पण त्यांना जे वाटायचं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

रखवालदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. "वर जायचं त्यांनी चला हो. चपला खाली काढा."

भैरवी उठली आणि कुणाकडे न बघता दाराशी गेली. मधुसूदनही उठले. जफरची सुटका झाली तर आत्ताच, आणि चूक झाली तर तीही आत्ताच होणार होती.

पाच

आत गारवा होता. दगडी जिना भिंतीला लगटून गोल गोल वर जात होता. मधुसूदनांचा दम लागला तेव्हा भैरवी एका कोनाड्याशी थांबलेली दिसली. अरुंद खिडकीतून समुद्राची एक उभी पट्टी दिसत होती.

"मामा, बसा. धाप लागून राह्यली तुम्हाले."

ते पायरीवर बसले. फडकं त्यांच्या हातातच होतं. तिनं ते पाहिलं.

"पोरी, मी म्हातारा माणूस. मला पुस्तकातलंच येतं. चुकलो तर चुकलो म्हण," ते म्हणाले. "ज्यानं लोटा पुन्हा बांधला, त्यानं आधीचं फडकं पाहिलं होतं. कुंकवाची बोटं पाहिली होती. फसवायचंच असतं तर त्यानं तशीच बोटं ओढली असती. देवघरात कुंकू होतं, घर मोकळं होतं. तरी ओढली नाहीत. विसरला म्हणावं, तर बाकी काही विसरला नाही. फडकंसुद्धा तसंच पांढरं, तसंच बांधलेलं. म्हणजे कुंकवाच्या करंड्यापाशी गेल्यावर त्याचा हात मागे आला. दोन वर्षं ज्याला त्या करंड्याला शिवू दिलं नाही, असा हात आपल्या घरात एकच आहे."

भैरवीनं भिंतीला डोकं टेकलं.

"आणि दुसरं. वाटेत प्रत्येक ठिकाणी आम्ही घरच्या सगळ्यांनी झोळीला हात जोडले. तू एकदाही नाही. जिनं शेवटचे महिने रत्नाला भरवलं, न्हाऊ घातलं, ती एकटी. मला वाटलं, दुःखानं. पण नाही. झोळीत ती नाही, हे तुला माहीत होतं."

"चुलीच्या राखेले कशी पाया पडू मामा," भैरवी म्हणाली.

खालून कुणाची तरी चाहूल आली आणि थांबली. तिला ती ऐकू आली नाही.

"आईनं मले सांगतलं होतं. शेवटी शेवटी बोलणं समजत नव्हतं त्यायचं, पण हे साफ बोलल्या. 'मले माह्या पोरापाशी ठेव. तो एकटा हाय तिथं.' मी म्हटलं, बाबांले सांगू का? तर हात घट्ट धरला माहा. म्हणे, 'त्यायले नको सांगू. त्यायच्यासमोर क्षितिजचं नाव काढशीन तर तो माणूस मोडंन. ते मले दीपगृहाले नेतो म्हणतील. नेऊ दे. माहं दीपगृह पाह्यचं राह्यलं याचं त्यायलेच जास्त दुःख हाय. लोटा रिकामा नको ठेवू, त्यायले काहीतरी घेऊन जाऊ दे.'"

तिनं खिडकीतल्या समुद्राच्या पट्टीकडे पाहिलं.

"मंग जफरभाईले म्हटलं. त्यायनं नदीवर नेलं. जिथं आमच्या यायले सोडलं, त्याच घाटावर मी आईले सोडलं. जुनं फडकंही सोडलं पाण्यात, कुंकू त्यायचं होतं ना. घरी येऊन चुलीतली राख भरली. कुंकू लावाले गेली होती मी मामा. करंडा उघडला. पण मले वाटलं, माह्या हातानं लावलं तर आईच्या सवाष्णपणाले..."

मधुसूदनांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कोडं सुटलं होतं. पुस्तकात इथं शोधकाला बरं वाटतं. त्यांना वाटलं, आपण कशाला यात पडलो? आता हे त्या माणसाला सांगायचं कुणी?

सांगायची गरज नव्हती. वळणाखालून गुणवंतराव दोन पायऱ्या वर आले. दगडी जिन्यात शब्द कुठं लपत नाही.

सहा

"तिनं मले काहून नाही सांगितलं?" गुणवंतराव म्हणाले. ओरडले नाहीत, तेच अवघड होतं. "एवढी वर्षं एका घरात राह्यलो आम्ही. मले काहून नाही?"

भैरवी पदर तोंडात धरून उभी होती. आयुष्यात न केलेली गोष्ट मधुसूदनांनी केली. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"जावईबापू, तुमच्यासमोर क्षितिजचं नाव घ्यायची सोय होती का? ती त्याची आई होती. दोन वर्षं ती कुणाजवळ रडली असेल?"

गुणवंतराव पायरीवर बसले. लोटा अजून त्यांच्या हातात होता.

"मी फोटो उतरवला," ते म्हणाले, "तो काही रागानं नाही, मधुभाऊ. मले त्याच्याकडे पाह्यलं जात नव्हतं. तिले वाटलं..." आणि मग, "क्षितिज म्हणत होता लहानपणी. आईले मी नेईन, म्हणे, दीपगृह दाखवाले. बाबांले वेळ नाही."

नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. ते स्वतःच चमकले. मग रडू लागले. दोन्ही पोरं आणि जफर आवाज ऐकून जिन्यात आले, तरी ते रडतच होते. सलीलला आणि मितालीला मधुसूदनांनी दोन वाक्यांत काय ते सांगितलं. सलील जफरपुढं जाऊन उभा राहिला आणि नुसतीच त्याची बाही धरून राहिला.

"राहू द्या दादा," जफर म्हणाला. "गाडीत झोपाले मीच होतो, तर मलेच धराल ना."

मग सगळे वर गेले. माणसाच्या उंचीचं काचेचं भिंग होतं, आत दिवा मात्र एवढासा. गॅलरीत वारा इतका होता की उभं राहवेना. गुणवंतरावांनी कठडा धरून चहूकडे पाहिलं, खूप वेळ, जणू कुणाला तरी घरी जाऊन सगळं सांगायचं होतं.

खाली उतरल्यावर ते एकटे पुन्हा खडकांवर गेले. पाणी आता वर चढलं होतं, सकाळची जागा बुडाली होती. त्यांनी पऱ्हाटीची राख समुद्रात सोडली, लोटा विसळला, आणि लाट आली तशी तो काठोकाठ भरून घेतला.

जीपपाशी येऊन त्यांनी लोटा भैरवीपुढं धरला.

"तिचा समुद्र राह्यला होता," ते म्हणाले. "तिले नेऊन देऊ. जफर, सरळ वर्धेच्या घाटावर घे गाडी. घरी मंग."

"जी साहेब."

भैरवीनं मधुसूदनांच्या हातातलं पांढरं फडकं घेतलं, लोट्याच्या तोंडावर बसवून बांधलं आणि तो मितालीकडे दिला. मितालीनं पर्समधून कुंकवाची डबी काढली.

"थांब," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी डबी घेतली आणि उघडून सुनेपुढं केली.

"तू लाव, बेटा."

तिनं मान हलवली. नाही. मधुसूदन दुसरीकडे पाहू लागले. अशा वेळी कुठं पाहावं ते त्यांना कधीच कळत नसे. गुणवंतरावांचा हात तसाच पुढं राहिला. सकाळी राख घेऊन थांबला होता, तोच हात.

"क्षितिजच्या आईले," ते म्हणाले, "तुह्याच हातचं पाह्यजे."

भैरवीनं फडक्यातून झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यानं बोटं ओली केली. डबीत बुडवली. आणि पांढऱ्या फडक्यावर एकेक करून पाचही बोटं ओढली.

लोटा या वेळी आकड्याला टांगला नाही. तो तिच्या मांडीवर होता, आणि राळेगावच्या वाटेवर जिथं जिथं गाडी थांबली, तिथं तिनं त्याला हात जोडले.